‘आर. यू. आर.’ : श्रमाचा प्रश्न आणि उत्तरमानव

मानवानंतर कोण, हा प्रश्न उत्तरमानववादी समीक्षेत प्रामुख्याने बुद्धी, माहिती आणि शरीर यांच्या अनुषंगाने मांडला जातो. कॅथरीन हेल्स यांनी १९९९ मध्ये माहिती शरीरापासून विलग करता येते या गृहीतकाची चिकित्सा केली आणि शरीराला या चर्चेत पुन्हा स्थान मिळवून दिले. त्या शरीराच्या श्रमाचा विचार मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. या दृष्टीने कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक पुन्हा वाचणे उपयुक्त ठरते.

हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात सादर झाले. ‘रोबोट’ हा शब्द जगाला या नाटकाने दिला. तो कारेल यांना त्यांचे बंधू, चित्रकार योसेफ चापेक यांनी सुचविला होता. जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे काम, म्हणजेच आपल्याकडील वेठबिगार, हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ होय. चापेक यांचे रोबोट धातूचे नाहीत. ते जैव द्रव्यापासून घडविलेले आहेत. म्हणजे मानव आणि रोबोट यांच्यातील भेद पोलाद आणि रक्तमांस यांचा नसून दर्जाचा आहे. केवळ राबण्यासाठी निर्माण झालेला तो मानव नव्हे, अशी ही व्यवस्था आहे.

कारखान्याचा प्रमुख डोमिन मानवाला श्रमातून मुक्त करण्याचे स्वप्न पाहतो. परंतु श्रम संपताच मुले जन्मणेही थांबते. रोबोटांचे बंड त्यानंतरचे आहे. याचा अर्थ, मानवजातीचा अंत तिच्या शत्रूने नव्हे, तर तिच्या सुखवस्तूपणाने आरंभिला आहे. संहारातून वाचतो तो एकटा अल्क्विस्ट. कारण तो रोबोटांप्रमाणेच हाताने काम करणारा आहे.

येथवर नाटकाची भूमिका सुसंगत आहे. शेवट मात्र वादग्रस्त वाटतो. निर्मितीचे हस्तलिखित जळाल्यामुळे रोबोटांना आपला वंश वाढविता येत नाही. प्रायमस आणि हेलेना हे दोन रोबोट एकमेकांसाठी मरण पत्करण्यास सिद्ध होतात आणि अल्क्विस्टला त्यांच्यात नवे आदम व ईव्ह दिसतात. प्रेम आणि आत्मत्याग यांमुळेच ते वारसदार ठरतात, हे समर्थन भावनिकदृष्ट्या प्रभावी आहे. परंतु श्रमातून उद्भवलेल्या प्रश्नाला ते प्रेमाचे उत्तर देते. विजयानंतरही रोबोट उत्पादन करीतच राहतात आणि माल ठेवायला जागा उरत नाही, हे नाटकातच सूचित झाले आहे. धनी गेला तरी वेठ संपली नाही. राबणाऱ्या त्या असंख्यांचे काय, आणि नव्या जगात काम कोणी व कोणासाठी करावयाचे, याविषयी शेवट मौन बाळगतो. शिवाय, मानवासारखे झाल्याखेरीज वारसाहक्क नाही, ही अट मानवकेंद्री दृष्टीचीच द्योतक आहे.

तथापि ही मर्यादा मान्य करूनही नाटकाचे महत्त्व उणावत नाही. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेमागेही मजकूर व चित्रे यांची वर्गवारी करणारे असंख्य मानवी हात आहेत आणि त्यांची नावे कोठेही नोंदली जात नाहीत. म्हणून मानवानंतर कोण, असे विचारण्यापूर्वी आजवर मानवाच्या व्याख्येबाहेर कोणाला ठेवले गेले, हे तपासणे आवश्यक आहे. तसे न केल्यास उत्तरमानवाची चर्चा ही धन्याने आपल्या वारसाविषयी केलेली चिंता एवढीच उरेल.