दिवाणखान्यातला उजेड आणि ओट्यावरची सावली



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की कुठल्या खोलीत कुठला दिवा लावावा, पडदे कसले घ्यावेत, याचे सल्ले मिळतील. थोडे मिळतील, शेवटी. पण आज मला मुख्यतः परीक्षण करायचं आहे. पुस्तकाचं परीक्षण आपण करतो, नाटकाचं करतो. घराची सजावट हीदेखील कुणीतरी कुणासाठी तरी केलेली रचना असते. मग तिचं परीक्षण का नको? आणि परीक्षणाचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : ही रचना कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे?

एक प्रसंग सांगतो. मागच्या दिवाळीत नात्यातल्या एका घरी फराळाला गेलो होतो. नवा फ्लॅट. हॉलच्या छताला पीओपीची दोन पायऱ्यांची चौकट, तिच्या आत लपवलेली एलईडीची पट्टी आणि शिवाय मोजून सोळा गोल दिवे. रिमोटवर तीन रंग. यजमानांनी तिन्ही रंग दाखवले, आम्ही तिन्ही वेळा ‘वा!’ म्हटलं. त्या घरात एक आजी आहेत, ऐंशीच्या घरातल्या. गप्पा चालू असताना त्या गोळ्यांचं पाकीट घेऊन उठल्या आणि बाथरूममध्ये गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, बरं वाटतंय ना? तर म्हणाल्या, “अरे, मला काय झालंय? गोळीचं नाव वाचायला गेले होते. आरशावरच्या दिव्यात नीट दिसतं.”

म्हणजे बघा, सोळा दिव्यांच्या हॉलमधून उठून त्या माउलीला वाचण्यासाठी बाथरूममध्ये जावं लागत होतं. यात आजींच्या चष्म्याचा दोष नव्हता. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होत जातं. विशीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पोचतो. आजी तर ऐंशीच्या. त्यांना जास्त उजेड लागतो आणि तो कागदाजवळ लागतो. छतावरचे ते सोळा दिवे त्यांच्या डोळ्यांत चमकत होते, पण त्यांच्या हातातल्या पाकिटापर्यंत पुरेसे पोचत नव्हते.

आता ही रचना आली कुठून? माझ्या मते, सॅम्पल फ्लॅटमधून. घर घेताना आपण सगळे तिथे जातो. तिथे दिवसाही सगळे दिवे चालू असतात. सोफ्यावर कुणी बसलेलं नसतं, ओट्यावर कुकर नसतो, टेबलावर वह्या नसतात, आजी तर नसतातच. ते घर उंबरठ्यावरून पाहण्यासाठी केलेलं असतं. दोन मिनिटं बघायचं, फोटो काढायचा, पुढच्या खोलीत जायचं. त्या कामासाठी ती प्रकाशरचना उत्तमच आहे, माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे, की दोन मिनिटं पाहण्यासाठी केलेली रचना आपण वीस वर्षं राहण्यासाठी जशीच्या तशी घरी आणतो.

रिचर्ड केली नावाचे एक अमेरिकन प्रकाशयोजनाकार होते. न्यूयॉर्कची सीग्रॅम बिल्डिंग, टेक्सासमधलं किंबेल कलासंग्रहालय अशा इमारतींच्या प्रकाशाचं काम त्यांनी केलं. 1952 साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी उजेडाचे तीन प्रकार सांगितले. माझ्या शब्दांत सांगतो. पहिला, खोलीभर पसरलेला, सावल्या पुसून टाकणारा उजेड. ढगाळ सकाळी अंगणात असतो ना, तसा. दुसरा, एका जागी गोळा झालेला. रात्री वाचणाऱ्याच्या पानावर पडलेला. तिसरा, चमचमणारा, डोळ्यांना मजा देणारा. झुंबराचा, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांमधून येणारा.

ही फूटपट्टी घेऊन आपले हॉल तपासा. लपवलेली पट्टी हा पहिला प्रकार झाला. गोल दिवे, झुंबर, टीव्हीमागची निळी रेघ हा तिसरा. दुसरा प्रकार कुठे आहे? कामाचा उजेड, माणसाच्या हातावर पडणारा उजेड? बहुतेक घरांत तो नसतोच. गंमत म्हणजे तिघांत तोच सगळ्यांत स्वस्त आहे. त्याला पीओपी लागत नाही, एक दिवा आणि एक प्लग पुरतो.

साधं गणित आहे. एका दिव्यापासूनचं अंतर तिप्पट झालं, की पानावर पडणारा उजेड साधारण नवव्या हिश्शावर येतो. छत नऊ फुटांवर आणि मांडीवरचं पुस्तक दोन फुटांवर, मधलं अंतर सात फूट. तोच दिवा खांद्यामागे सव्वादोन फुटांवर आणा. छतावर नऊ दिवे लावून जे साधायचं, ते एका दिव्यात होतं.

इथे कुणी म्हणेल, “सर, म्हणूनच जुने वाडे बरे होते.” थांबा. मलाही वाडे आवडतात. चौकातून खाली उतरणारं ऊन, ओसरीवरची सावली हे सगळं खरं आहे. पण वाड्याचंही परीक्षण त्याच प्रश्नाने करू. उजेड कुणाच्या वाट्याला होता? हंड्या-झुंबरं कुठे असत? दिवाणखान्यात. जिथे बैठक भरायची, पाहुणे यायचे, पुरुष बसायचे तिथे. माजघर अंधारं. स्वयंपाकघर त्याच्याही मागे, चुलीचा धूर, काजळीने काळ्या झालेल्या भिंती आणि कोनाड्यात एक चिमणी. घरातलं सगळ्यांत बारीक नजरेचं काम, म्हणजे तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, चुलीवरच्या भाकरीचा रंग ओळखणं, हे सगळ्यात कमी उजेडात चालायचं. तेव्हा तेल महाग होतं, ही सबब तरी होती. तेल होतं तेवढं दिवाणखान्यात जळायचं.

आज ती सबब नाही. 2015 साली केंद्र सरकारची उजाला योजना आली, एलईडी घरोघरी पोचले. नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो. उजेड इतका स्वस्त कधीच नव्हता. तरी वाटणी तीच राहिली. हॉलला सोळा दिवे आणि स्वयंपाकघराला छताच्या मध्यावर एक ट्यूब. दिवाणखान्याचा हॉल झाला, चुलीचा ओटा झाला, पण उजेडाचं वतन काही बदललं नाही.

एका गोष्टीत तर आपण मागे गेलो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या दिव्यांचा संग्रह आहे, जरूर बघा. माझं लक्ष तिथे गेलं ते दिव्यांच्या दांड्यांकडे, कड्यांकडे, साखळ्यांकडे. दिवा उचलायची वस्तू होती. कंदील घेऊन गोठ्यात जायचं, चिमणी घेऊन कोठीत. उजेड कमी होता, पण तो कामापाशी नेता यायचा. आता उजेड भरपूर, पण तो छतात चुन्याने चिणलेला. वायरमन विचारतो, “साहेब, पॉइंट कुठे काढू?” तेव्हा घरात खुर्चीसुद्धा आलेली नसते. आपण हवेत बोट दाखवतो आणि पुढची वीस वर्षं त्या बोटाखाली जगतो.

आता दुसऱ्या टोकाची बाजू. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांचा सावल्यांच्या स्तुतीचा एक निबंध आहे, 1933 सालचा. सजावटीत रस असलेल्या लोकांत तो फार लाडका आहे. स्वतःचं घर बांधताना विजेच्या तारा कशा लपवायच्या, या अगदी घरगुती अडचणीपासून तो सुरू होतो आणि अंधारात लाखेची भांडी कशी खुलतात, कागदी पडद्यांतून उजेड कसा गाळून येतो, इथपर्यंत जातो. विजेच्या भगभगीत उजेडावरची इतकी सुंदर टीका मी दुसरी वाचलेली नाही. छताला सहा हजार पाचशे केल्विनचे पांढरेफटक पॅनल लावून रात्री नऊ वाजता दवाखान्यात बसल्यासारखे जेवणारे आपण, आपण तर तो वाचायलाच हवा.

पण माझी एक अडचण आहे. त्या निबंधात जुन्या घरांच्या अंधारात राहणाऱ्या बायकांचं वर्णन येतं. अंधारातून फक्त त्यांचा चेहरा आणि हात उमटतात. वर्णन विलक्षण आहे. पण ती बाई त्या अंधारात काय करत होती? तिला दिसत होतं का? हा प्रश्न निबंधाला पडत नाही. अंधाराचं सौंदर्य पाहणारा एक, आणि अंधारात बसणारी दुसरी. आपल्याकडे ‘मूड लाइटिंग’ म्हणतात, त्यातही हेच होतं. मूड एकाचा, आणि त्या मंद उजेडात सांडलेली चटणी पुसणारा हात दुसऱ्याचा.

हे मी कुणाला शिकवायला सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो. आमच्या घरात आम्ही चौदा वर्षं राहतोय. पत्नीचं मनगट मोडलं आणि दीड महिना स्वयंपाक माझ्याकडे आला. पहिल्या संध्याकाळी कांदा चिरायला घेतला, तर पाटावर माझीच सावली. दिवा माझ्या पाठीमागे, छतावर. ओटा भिंतीला लागून. म्हणजे उभं राहिलं की उजेड अडवायचा तो आपणच. डावीकडे सरकलो, सावली सरकली. तिला विचारलं, “तुला दिसतं कसं इथे?” ती म्हणाली, “हाताला सवय आहे.” चौदा वर्षं! आणि मी घरांच्या रचनेवर व्याख्यानं देतो. दुसऱ्या दिवशी वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला दोन फुटांची एक पट्टी लावली. वीस मिनिटांचं काम होतं.

आता सजावटीबद्दल, कारण दिवा एकटा काम करत नाही. भिंत, छत, लाकूड, पडदा हे सगळे उजेडाचे भागीदार. पांढरं छत आलेला बहुतांश उजेड परत देतं. गडद चॉकलेटी लॅमिनेट जवळजवळ सगळा गिळतं. सध्या एक भिंत गडद करायची पद्धत आहे. जरूर करा, पण खिडकीसमोरची भिंत सोडून. खिडकीतून आलेला दिवसाचा उजेड घरभर पसरवायचं काम तीच भिंत करते. आणि आरशासारखी चकचकीत फरशी, चकचकीत ट्रॉल्या, वर उघडे दिवे, असा मेळ असेल तर खालूनही डोळ्यांवर झळ येते. म्हाताऱ्या माणसाला अशी फरशी ओली वाटते, तो बिचकत चालतो. पाहुण्याला जे वैभव दिसतं, ते घरातल्या माणसाला पडायचं भय असू शकतं.

तर सल्ले, कबूल केल्याप्रमाणे. दिवे विकत घेण्याआधी एक संध्याकाळ नुसतं घर बघा. कोण कुठे बसतं, हातात काय असतं, सावली कुठे पडते. मग कामाचे दिवे आधी ठरवा : ओट्यावर, वाचायच्या खुर्चीपाशी, अभ्यासाच्या टेबलावर, पलंगाच्या उशाशी. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला दिवा डावीकडून. बल्ब उघडा दिसणार नाही असा घ्या. डेन्मार्कचे पॉल हेनिंगसन यांनी 1920च्या दशकात तीन झाकणांचा दिवा केला तो याच एका हट्टापायी. बसण्या-झोपण्याच्या खोल्यांत सत्तावीसशे ते तीन हजार केल्विनचा पिवळसर उजेड, स्वयंपाकघरात चार हजारांच्या आसपासचा. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, तो नव्वदच्या पुढे असेल तर हळद हळदीसारखी आणि माणूस माणसासारखा दिसतो. रात्री उठणाऱ्यांसाठी पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी एक मंद दिवा. आणि एवढं करून पैसे उरले, तर हॉलमध्ये झुंबर खुशाल लावा. झुंबराशी माझं वैर नाही, त्याचा नंबर पहिला असण्याशी आहे.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न इथे दिला आहे.)

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. घरमालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाही. आम्ही काय करायचं?

उत्तर : तुम्ही सगळ्यांत सुखी आहात! छतात काही चिणायची परवानगीच नाही, म्हणजे चूकही चिणली जाणार नाही. चिमट्याचा एक दिवा घ्या, एक उभा दिवा घ्या, चार्जिंगची चिकटणारी पट्टी ओट्यावरच्या कपाटाखाली लावा. घर बदललंत की सगळं बरोबर न्या, कंदिलासारखं. फक्त आणल्यावर ते कुठे ठेवायचे, हे घरात सगळ्यांत जास्त वेळ उभं राहून काम कोण करतं, त्यांना विचारा. मी विचारायला चौदा वर्षं लावली. तुम्ही आज घरी गेल्यावर विचारा.