पयोष्णी कोणती आणि पाणी कोणाचे?

चोपडा तालुक्यात अडावदच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तेथे दगडी गोमुखातून बारमाही ऊन पाणी वाहते. शरभंग ऋषींसाठी रामाने हा झरा काढला, असे यात्रेला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. वाल्मीकीच्या अरण्यकांडातला शरभंग मात्र रामाचे दर्शन घेऊन अग्निप्रवेश करतो. त्याच्यासाठी ऊन पाणी काढल्याची हकिगत तेथे नाही. शिवाय याच ऋषीचा आश्रम चित्रकूटच्या परिसरातही दाखवतात. झऱ्याचे खरे कारण जमिनीच्या पोटात आहे. या पायथ्याच्या रेषेत खडक भंगलेला आहे. खोल मुरलेले पाणी तापते आणि भेगांतून वर येते. सुनपदेवचा ऊन झराही याच पट्ट्यात आहे.

ग्रंथातला प्रवाह आजच्या भूमीवर शोधण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. खानदेश-वऱ्हाडात त्याचा मोठा विषय पयोष्णी. नावाचा अर्थच ऊन पाण्याची. कोणी तिला तापी म्हणतो, कोणी पूर्णा, तर कोणी पैनगंगा. येथे श्रद्धेने नव्हे, पुराव्यानेच बोलले पाहिजे.

भागवतात बलरामाच्या तीर्थयात्रेत तापी आणि पयोष्णी ही दोन नावे लागोपाठ येतात. पुराणांतल्या नद्यांच्या याद्यांतही ती वेगळी आहेत. तेव्हा निदान या ग्रंथकारांच्या लेखी पयोष्णी म्हणजे तापी नव्हे. वनपर्वात युधिष्ठिर विदर्भातून पयोष्णीवर येतो आणि तेथून वैडूर्य पर्वत व नर्मदा गाठतो. हा मार्ग पूर्णेला जुळतो. ती बैतूलच्या डोंगरात उगवते, वऱ्हाडातून वाहते आणि चांगदेवला तापीला मिळते. पैनगंगा तर पूर्वेकडे वर्धेला जाते. ती या मार्गावर बसत नाही. एक अडचण उरतेच. नल दमयंतीला वाट दाखवताना पयोष्णीला ‘समुद्रगा’ म्हणतो आणि पूर्णा स्वतः समुद्राला मिळत नाही. संगमाखालच्या प्रवाहालाही पूर्वी तेच नाव चालत असावे, असा तर्क करता येईल. पण तो तर्कच, पुरावा नव्हे. म्हणून पूर्णेचा पक्ष बळकट आहे, एवढेच म्हणावे.

आमच्या बहुतेक संशोधकांचे काम येथे संपते. आमचा प्रश्न येथून सुरू होतो. वनपर्वातली पयोष्णी कशासाठी आठवली जाते? नृग राजाने तिच्या काठी यज्ञ केले आणि ब्राह्मणांना दक्षिणा दिली म्हणून. म्हणजे ग्रंथात उतरलेली नदी ही स्नानाची, दानाची आणि पुण्याची नदी आहे. तिच्यातून घागर कोण भरत होते, काठावर गाळपेर कोण करत होते, कोणाला कोणत्या उतारावर अडवले जात होते, याची नोंद त्या यादीत नाही. भिल्ल, पावरा, तडवी हे लोक सातपुड्याचे नाले पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. त्यांनी ठेवलेली नावे विचारायला संशोधक क्वचितच डोंगर चढतो. संस्कृतातले नाव सापडले की स्थळ ‘सिद्ध’ होते आणि काठावरच्या माणसाचे नाव ‘अपभ्रंश’ ठरते. हा नुसता भाषेचा प्रश्न नाही, मालकीचा आहे.

माझी आजी तापीला ‘तापीमाय’ म्हणे. तापी सूर्याची कन्या, तिच्या स्मरणानेही पाप जाते, असे माहात्म्य सांगणारे पुष्कळ होते. पण आजीला पाणी भरावे लागे ते गावाच्या घाटाखाली, वरच्यांचे धुणे होऊन आलेले. स्मरणाने पवित्र करणारी नदी आमच्या स्पर्शाने बाटते कशी, हा प्रश्न एकाही माहात्म्याने स्वतःला विचारलेला मला आढळला नाही.

ग्रंथातली नदी वाचण्याची दुसरी रीत बाबासाहेबांनी दाखवली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत यांची रूढ कथा स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. नेपाळातून गोरखपूरकडे वाहणारी रोहिणी आजही त्याच नावाने ओळखली जाते. पण बाबासाहेबांना तेथे तीर्थ उभारायचे नव्हते. पाणी कोणी आधी घ्यायचे आणि त्यासाठी युद्ध करायचे का, हा त्यांच्या दृष्टीने मुद्दा होता. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, तेव्हाही तळ्याचे पावित्र्य हा विषय नव्हता. माणसाचा हक्क हा होता. उलट पावित्र्याची काळजी होती ती पुढे शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करणाऱ्यांना.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. नागपूरच्या दीक्षेनंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला, हे खरे. पण त्या आधारे नावात ‘नाग’ दिसला की तो ओढा आमचा, असे म्हणणारे लेख आपल्या बाजूनेही निघू लागले, तर शरभंगाच्या कथेत आणि आपल्यात फरक काय उरला? ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, मग तो कोणाच्याही सोयीचा असो. बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण माहात्म्ये लिहायची नाहीत.

विद्यार्थ्यांना मी सांगतो, पयोष्णीचा शोध जरूर घ्या, ग्रंथ मुळातून वाचा, नकाशा शेजारी ठेवा. पण वहीत आणखी एक रकाना आखा: या काठावर कोण राहते, ते या पाण्याला काय म्हणतात, आणि त्यांना ते कोठे भरू दिले जात होते. तो रकाना कोरा असेल, तर नदी अजून सापडलेली नाही.