प्रश्नावलीबाहेरचा उजेड

नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन ह्यांची २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात हत्या झाली, त्या वेळी त्यांच्या संग्रही लोकसमजुतींविषयीची बरीच सामग्री होती. खेडोपाडीच्या शिक्षकांकडे प्रश्न पाठवून त्यांनी ती मिळविली होती. पुढे आर. ई. एन्थोव्हेन ह्यांनी तिचे संकलन करून गुजरातचा खंड १९१४ मध्ये व कोकणचा १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. देशावरील जिल्ह्यांसाठी असा स्वतंत्र खंड निघाला नाही. १९२४ साली एन्थोव्हेन ह्यांनीच सबंध मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर ग्रंथ लिहिला, परंतु त्याची मांडणी समजुतींच्या प्रकारांनुसार आहे, स्थळांनुसार नाही. ज्या जिल्ह्याचा कारभार पाहता पाहता हा उद्योग चालला, तो जिल्हाच असा संग्रहाच्या कडेला राहिला. रात्री दिसणाऱ्या अनाकलनीय उजेडांविषयी हा संग्रह काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पच्या माळावरून पाहिले असता त्याची मर्यादा विशेष स्पष्ट होते.

पहिला दोष वर्गीकरणाचा आहे. सूर्य, ग्रहणे, इंद्रधनुष्य, उल्का हे सारे निसर्गशक्तींच्या प्रकरणात, आणि भुतांच्या हातचे दिवे व मशाली पीडा देणाऱ्या मृतात्म्यांच्या प्रकरणात, अशी येथे विभागणी होते. ही विभागणी संपादकाची आहे, सांगणाऱ्याची नव्हे. रात्री शिवेवर हलता उजेड पाहणारा मनुष्य आधी 'उजेड' पाहतो. तो कोणाचा हे पुढे कोणीतरी ठरविते, कधी तो स्वतः, कधी घरी परतल्यावर एखादी वृद्ध स्त्री. पाहणे आणि नाव ठेवणे ह्यांमधील हे अंतर लोकविद्येच्या अभ्यासकाला मोलाचे असते. संग्रहात ते उरत नाही. तेथे आधी भुताचे नाव येते आणि उजेड त्याचे एक लक्षण म्हणून मागाहून चिकटतो.

साक्षीदाराची स्थितीही अशीच आहे. तळटीपेत अमुक गावचे शाळामास्तर एवढाच आधार दिलेला असतो. मास्तरांनी स्वतः काही पाहिले होते काय, की गावात चौकशी केली, की वरून आलेल्या प्रश्नाला शोभेल असे उत्तर तयार केले, ह्याचा निर्णय करण्यास साधन नाही. ऋतू कोणता, तिथी कोणती, उजेड कोणत्या दिशेला व किती वेळ होता, हे तपशील तर प्रश्नाच्या कक्षेतच नव्हते. मास्तरांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना जे विचारले, ते त्यांनी लिहून दिले.

ह्या अभावातून एक मोठा गैरसमज वाढीस लागला. युरोपीय लोककथांत दलदलीवरील भ्रामक ज्योत वाटसरूला वाट चुकवून पाण्यात नेते. त्या ज्योतीला मराठीत प्रतिशब्द म्हणून अनेकदा 'चकवा' योजला जातो. वस्तुतः चकव्याला उजेडाची गरजच नाही. चकवा लागलेला मनुष्य ओळखीच्या रानात रात्रभर त्याच त्या जागी फिरून येतो, आणि पहाटे उजाडले की सुटतो. उलटपक्षी, अमावास्येला मशालींसह निघणारी वेताळाची स्वारी कोणाला वाट चुकवायला निघत नाही. तिच्या वाटेतून माणसानेच बाजूला व्हावयाचे असते. तळकोकणात व गोव्यात तर राखणदार किंवा देवचार चुकलेल्याला घरच्या वाटेवर आणून सोडतो, अशी श्रद्धा आहे. आग्यावेताळ हा शब्द आता तापट माणसाच्या वर्णनापुरता उरला असला, तरी त्यातही दाहकतेची कल्पना आहे, फसवणुकीची नाही. म्हणजे एका युरोपीय कल्पनेच्या जागी मराठीत निदान तीन भिन्न कल्पना आहेत. त्यांतील एकीत उजेड नाही आणि एकीत तर तो उपकारक आहे.

बुद्धिवादी स्पष्टीकरणानेही हीच चूक वेगळ्या वाटेने केली आहे. व्होल्टाने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या गाळातून ज्वालाग्राही वायू गोळा केला, आणि तेव्हापासून 'दलदलीतील वायू' हे सर्व भुतांच्या दिव्यांचे सरसकट उत्तर होऊन बसले. तथापि मिथेन नेहमीच्या तपमानाला आपोआप पेटत नाही. फॉस्फरसयुक्त वायूंमुळे तो पेटत असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाण्यातील मिथेनच्या सूक्ष्म बुडबुड्यांमध्ये अतिसूक्ष्म विद्युत्-ठिणग्या आढळल्या. हे संशोधन महत्त्वाचे आहे, परंतु ते जेथे साचलेले पाणी व कुजणारा गाळ आहे तेथले. देवळालीची भूमी काळ्या कातळाची आहे. दारणेचा काठ सोडला तर दलदल म्हणावी अशी जागा विरळाच. तेथे दिसलेल्या उजेडाला दलदलीचे उत्तर देणे हे भुताचे नाव देण्याइतकेच घाईचे आहे.

ह्याच डोंगराळ मुलखात, इगतपुरीपलीकडे भंडारदऱ्याच्या बाजूस, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा ह्यांसारखी झाडे असंख्य काजव्यांनी एका लयीत लुकलुकतात. कोणत्याही मशालीपेक्षा हे दृश्य अधिक अद्‌भुत आहे. तरीही मुख्यत्वे ते पाऊस जवळ आल्याची खूण म्हणूनच ओळखले जाते. काजवा हातात धरता येतो. ज्या उजेडापर्यंत चालत जाता येते त्याला सहसा मालक लागत नाही. मालक लागतो तो दूरच्या, हलत्या व एकाकी उजेडाला. ह्या कसोटीवर संग्रहातील नोंदी तपासाव्यात म्हटले, तर अंतराचा उल्लेखच नसतो.

दा. ध. कोसंबी ह्यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' ह्या ग्रंथात पुण्याच्या परिसरातील देवस्थाने पायी हिंडून पाहिली आणि त्यांचा संबंध जुन्या वाटांशी व तिठ्यांशी जोडला. त्यांच्या सर्वच अनुमानांशी सहमत होण्याचे कारण नाही. पण देवाचे नाव विचारण्याआधी त्याची जागा पाहण्याची त्यांची रीत उजेडांनाही लागू पडते. शेंदूर माखलेला वेताळ बहुधा शिवेवर असतो. उजेड दिसल्याची जागा आणि ती शीव एकच आहे काय, हा प्रश्न पन्नास उत्तरांत एकदाही विचारला गेला नाही, तर त्या पन्नास उत्तरांची बेरीज फारशी उपयोगाची नाही.

देवळालीत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ब्रिटिश अमदानीत मुदत संपलेले गोरे शिपाई येथील छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. त्यांच्या बोलीत गावाच्या नावाचा 'डूलॅली' झाला, त्याला आपला 'ताप' हा शब्द 'टॅप' होऊन जडला, आणि ह्या जोडशब्दाचा अर्थ डोके फिरणे असा रूढ झाला. हीही लोकविद्याच होय. परंतु प्रश्नावली मराठी शाळेत गेली, बराकीत गेली नाही. भ्रम हा केवळ खेडुताचा विषय, असे तेव्हा गृहीतच होते.

पुढे देवळालीत तोफखान्याचे विद्यालय आले. तोफेतून सोडलेला प्रकाशगोळा छत्रीला टांगलेला, आकाशात स्थिर वाटावा इतका सावकाश खाली येतो. दहा किलोमीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला तोफेचा आवाज पोहोचण्यास सुमारे तीस सेकंद लागतात, आणि वारा उलट असला तर तो पोहोचतही नाही. अशा रात्री एखाद्या शेतकऱ्याने शिवेवर निःशब्द उजेड पाहिल्याचे सांगितले, तर ते खोटे नसते, आणि तो उजेड निसर्गाचाही नसतो. संग्राहकाने त्याला वेताळाविषयी विचारले तर तो वेताळाविषयी सांगेल. वाऱ्याची दिशा विचारली तर तीही त्याला बहुधा आठवत असेल.