साप, शेजार आणि आपले वाङ्मय

मराठी वाङ्मयात साप पुष्कळ आहेत. घोणस मात्र फार थोड्या. आमच्या तक्रारीचे सार या एका वाक्यात आले आहे. आपल्या कथाकारांना व कवींना साप हवा असतो तो भयासाठी, वासनेसाठी, काळासाठी, गुप्तधनाच्या राखणीसाठी. तो कोणत्या जातीचा, काय खातो, केव्हा बाहेर पडतो, हे विचारण्याची गरज त्यांना सहसा वाटत नाही. ज्याच्या अंगणात साप खरोखरीच येतो त्या वाचकाला मात्र नेमके तेवढेच विचारायचे असते. या दोन गरजांमधील अंतर किती आहे, आणि ते कोणी कोणी कमी केले, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा प्रश्न येलहंक्यात बसून सुचावा यात नवल नाही. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांचे हे मूळ ठाणे. आज येथे हवाई दलाचा तळ आहे, रेल्वेची चाके व आस घडविणारा १९८४ सालचा कारखाना आहे, कृषिविद्यापीठाचे विस्तीर्ण आवार जवळ आहे. आणि या सर्वांना लागून जारकबंडे कावलचे राखीव रान व पुट्टेनहळ्ळीचे तळे आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत वाढलेला आपला अधिकारी बदलीवर येथे येतो, निवृत्तीनंतरची सोय म्हणून आसपासच्या खेड्यात एखादा जमिनीचा तुकडाही घेतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला कळते की ही जागा आपल्या आधीच कोणाची तरी होती. धामण उंदरांच्या मागे येते, उंदीर कोठीतल्या धान्यामागे येतात, आणि धान्य तर आपणच आणलेले असते. या शेजाराला कसे तोंड द्यावे हे त्याला त्याचे मराठी वाचन क्वचितच सांगते.

आपल्या भाषेची पुंजी पाहावी तर तीही दुहेरी आहे. ‘सापही मरावा आणि काठीही तुटू नये’ या म्हणीत सापाचे मरण गृहीतच धरलेले आहे. ‘सापाला दूध पाजणे’ या वाक्प्रचारात तर दोन चुका एकत्र नांदतात, कारण दूध हे सापाचे अन्न नव्हे आणि कृतघ्नता हा त्याचा गुण नव्हे. उलट ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण पाहावी. विंचवाची मादी आपली नवजात पिले पहिली कात टाकीपर्यंत खरोखरीच पाठीवर वाहते. हे ज्याने प्रथम पाहिले तो कोणी अनाम शेतकरी असेल. पण त्याने आधी पाहिले आणि मग म्हण केली. बदलीच्या नोकरीतील आपल्या सर्वांना लागू पडणारी ही म्हण इतकी टिकली याचे एक कारण, आम्हांला वाटते, हा पाहण्याचा प्रामाणिकपणा होय.

एकनाथांचे विंचवाचे भारूड हा याच कसाचा मोठा नमुना. तेथे विंचू म्हणजे कामक्रोध हे उघड आहे. रूपकाविषयी कोणालाच संशय राहत नाही. तथापि नाथांनी विंचू चावलेल्या माणसाला घाम फुटलेला दाखविला आहे, आणि तो घाम रूपकाच्या सोयीसाठी आलेला नाही. लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम येणे हे वैद्यकाने नोंदविलेले ठळक लक्षण आहे. सोळाव्या शतकातील पैठणच्या संताने दंश झालेला माणूस पाहिला होता, आणि म्हणूनच त्याचे रूपक आजही अंगावर काटा आणते. जे रूपक प्रत्यक्षाच्या पायावर उभे असते त्याची धार जात नाही. जे दुसऱ्या रूपकावर उभे असते ते दोन पिढ्यांत गुळगुळीत होते.

पुढील काळात मात्र हा पाया ढासळला. डूख धरणारी नागीण, जोडीदाराच्या मारेकऱ्याला गावोगाव शोधणारा नाग, मस्तकी मणी वागविणारा म्हातारा साप, ही सारी मंडळी लोककथांतून लोकप्रिय कथांत आणि तेथून चित्रपटांत शिरली. मनोरंजन म्हणून त्यांना कोणी हरकत घेऊ नये. परंतु सापाजवळ सूड उगविण्याइतकी स्मृती नसते, आणि ज्या घरात डूखाची गोष्ट खरी मानली जाते तेथे एक धामण मारल्यावर दुसरीही शोधून मारली जाते. नागपंचमीला पूजा आणि एरवी काठी, या दोन टोकांमध्ये शेजाऱ्यासाठी जागाच उरत नाही. देवाशीही माणूस नीट बोलत नाही आणि वैऱ्याशीही बोलत नाही; बोलतो तो शेजाऱ्याशी.

व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी ही जागा निर्माण केली, म्हणून त्यांचे ऋण मोठे. ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत नेमणुकीवर धनगरांच्या वस्तीत गेलेला तरुण मास्तर आहे. तेथील जनावर निसर्गवर्णनाचे साधन म्हणून येत नाही, ते संसाराचा भाग म्हणून येते. ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष लेखकाने मानवी नीतीचा मुलामा न देता रंगविला. मात्र माडगूळकरांच्या रानावरील लेखनात, विशेषतः नागझिऱ्याच्या मुक्कामावरील पुस्तकात, लेखक हा पाहुणा आहे. तो पाहायला जातो, तन्मय होतो आणि परत येतो. पाहुण्याच्या दृष्टीला ताजेपणा असतो; पण उद्या सकाळी न्हाणीघरात काय निघेल ही चिंता तिला नसते.

चितमपल्लींचे तसे नाही. ते वनखात्याचे अधिकारी होते. रान ही त्यांची नोकरी होती आणि बदली हे त्यांचे प्राक्तन. ‘पक्षी जाय दिगंतरा’पासून ‘चकवाचांदण’पर्यंत त्यांच्या पुस्तकांत माणूस व प्राणी एकाच वस्तीचे रहिवासी म्हणून वावरतात. त्यांची सर्वांत मोठी देणगी आमच्या मते शब्दांची आहे. रानातल्या माणसांच्या तोंडची नावे त्यांनी टिपली आणि ‘पक्षिकोश’ासारख्या ग्रंथांतून ती मराठीला परत दिली. त्यांच्या लेखनातील उणीवही याच श्रद्धाळूपणातून येते. ऐकलेले आणि पाहिलेले यांच्यामधील रेघ ते पुष्कळदा पुसट ठेवतात; एखादी दंतकथा निरीक्षणाच्याच सुरात सांगून जातात. रसिकाला त्यात गोडी वाटते. सापाशेजारी राहणाऱ्याला मात्र ती रेघ ठळक हवी असते, कारण त्या रेघेवर कधी कधी जीव अवलंबून असतो.

ही रेघ ठळक ओढणारा एक लेखक साहित्यिकांच्या पंक्तीत सहसा बसविला जात नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून आले. कोकणात विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. त्या १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पोचल्या. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ४० वरून १ वर आले. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन. त्यांच्या सर्व लिहिण्यात अलंकार कमी आणि लक्ष अधिक आहे. नाथांच्या भारुडातला घाम चार शतकांनी पुन्हा कोणी तरी तितक्याच बारकाईने पाहिला, असे आम्हांला वाटते.

येथे नावांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो केवळ भाषाशुद्धीचा नव्हे. सुश्रुताने सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमंत असे वर्ग केले: फणा असलेले, अंगावर मंडले असलेले, पट्टे असलेले. येलहंक्याच्या मळ्यातला माळी घोणशीला आजही ‘कोळकु मंडल’ म्हणतो. सुश्रुताचा शब्द त्याच्या जिभेवर जिवंत आहे, आणि आपल्या मुलांजवळ मात्र ना घोणस उरली ना मंडल. त्यांच्यापाशी एकच शब्द आहे, ‘स्नेक’. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना बहुधा नाममात्र असते आणि पहाटेपर्यंत पापण्या जड होऊन श्वास अडतो. घोणशीच्या दंशाने ठणका, सूज आणि रक्तस्राव होतो. धामण बिनविषारी असते. तीन नावे म्हणजे तीन वेगळी वर्तने. ज्याला एकच नाव ठाऊक आहे त्याला भीतीही एकच ठाऊक असते.

चुकीचे नाव तर याहून घातक. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात १९५७ मध्ये एक ताप आढळला. पुढे २०१६ च्या सुमारास तो सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे पसरला. मराठीत त्याला ‘माकडताप’ म्हणतात. वस्तुतः तो माणसाला येतो गोचिडीच्या चाव्याने. माकड बिचारे त्याच तापाने माणसाआधी मरते आणि आपल्या मरणाने गावाला सावध करते. इशारा देणाऱ्यालाच आपल्या भाषेने आरोपी ठरविले आहे. नाव ऐकून माकडाकडे पाहणाऱ्याचे लक्ष आपल्या पोटरीवरच्या गोचिडीकडे कसे जावे?

कानडी साहित्यात पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ (१९८०) ही कादंबरी या बाबतीत आपल्याला वस्तुपाठ ठरावी. तेजस्वी शहर सोडून मूडिगेरेच्या परिसरात शेती करीत राहिले. त्यांच्या कादंबरीतला शास्त्रज्ञ मंदण्णा नावाच्या, गावाने वाया गेलेला मानलेल्या पोराला जवळ करतो, कारण त्याची नजर तयार आहे. उडत्या सरड्याच्या शोधात निघालेली ही मंडळी हास्यास्पदही आहेत आणि आदरणीयही. येथे निसर्ग पूजेचा नाही आणि सहलीचाही नाही. तो कामाधंद्यात मिसळलेला आहे. कर्नाटकात नेमणूक असलेल्या मराठी वाचकाने आधी ही एवढी एक कादंबरी तरी वाचावी.

साहित्याने काय सर्पविज्ञानाची माहितीपुस्तिका व्हावे, असा आक्षेप येईल. तसे आमचे म्हणणे नाही. नाथांचे भारूड माहितीपुस्तिका नाही, ‘बनगरवाडी’ नाही, ‘कर्वालो’ही नाही. पण या तिन्हींत लेखकाने वस्तूकडे आधी पाहिले आणि अर्थ नंतर काढला. हा क्रम उलटला की साप प्रतीक होतो आणि माणूस मरतो, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतली. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. सरकारी दप्तराने ज्याची दखल घेतली त्याची दखल साहित्याने घेऊ नये काय? मांत्रिकाकडे गेलेली घटका आणि प्रतिविषासाठी रुग्णालयाकडे धावलेली घटका, यांतला फरक आकड्यांपेक्षा गोष्टच अधिक खोल रुजवू शकते.

शेवटी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वर ज्यांची नावे आली त्यांतील चितमपल्ली आणि बावस्कर हे दोघेही नेमणुकीवर गेलेले सरकारी नोकर, आणि ‘बनगरवाडी’चा निवेदक मास्तरही तसाच. म्हणजे शेजाराचे साहित्य आपल्याकडे पुष्कळदा बदलीनेच घडविले आहे. पाहुण्याला परत जाता येते, स्थानिकाला सारे सवयीचे झालेले असते. बदलीवर आलेल्याला राहावेही लागते आणि सारे नवेही दिसते. ही अडचण लेखकाची मिरास आहे. येलहंका, बेळगाव, बस्तर, आसाम, जेथे कोठे आपले वाचक असतील, तेथे त्यांच्याजवळ सरकारी कागद आहे, लेखणी आहे आणि माळी, शिपाई, गुराखी यांच्या तोंडची नावे कानावर आहेत. ती नावे मराठी नावांशेजारी लिहून ठेवावीत. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांनी निदान एवढे सामान बरोबर न्यावे.