‘९९९९९९ इन १’ची कॅसेट आणि आपला ‘एन’

लातूर-नांदेडकडं ज्यांचं लहानपण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर गेलं, त्यांना ‘९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट वेगळी सांगायला नको. कॅसेट आपण म्हणायचो, आत टेप नसायचीच. छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर चिप. यंत्रही बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. पेट आणि सिनॉप्सिसच्या तयारीत असणाऱ्यांसाठी आज या कॅसेटची समीक्षा करू या, कारण संशोधनातला एक नेहमीचा घोळ तिच्या लेबलवरच छापलेला आहे.

मेनू लांबलचक. पण खाली जात राहिलं की तेच खेळ परत येतात. कुठं नाव बदललेलं, कुठं सुरुवात थेट पुढच्या लेव्हलपासून. म्हणजे आकडा यादीतल्या ओळींचा आहे, खेळांचा नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये इकॉलॉजीतल्या प्रयोगांमधला असाच दोष दाखवला आणि त्याला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं. सोपं उदाहरण घ्या. दोन खतांची तुलना करायची आहे, प्रत्येक खताला एकच कुंडी आहे आणि तुम्ही प्रत्येक रोपाची तीस पानं मोजली. तरी ‘एन’ तीस होत नाही, एकच राहतो. खत कुंडीला दिलंय, पानाला नाही.

आता घरी बनवलेली कॅसेट बघा. साध्या प्रकारच्या बोर्डवर प्रोग्रामला ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी जागा मिळते. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ एवढ्या ४० केबीतच बसलाय. स्वतः लिहिलेला किंवा निर्मात्यानं मोफत दिलेला खेळ घ्यायचा, प्रोग्राम २७सी२५६ या ईप्रॉम चिपमध्ये आणि चित्रं २७सी६४ मध्ये भरायची. ‘चिप भरा, सोल्डर करा, झालं’ असं सांगणारे बरेच असतात. माझा आक्षेप इथंच आहे.

कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये चालणाऱ्या फाईलला सुरुवातीला १६ बाइटचं हेडर असतं. चित्रांची मांडणी आडवी की उभी, जादा मेमरी बदलणारी मॅपर चिप लागते की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. एम्युलेटर ते गुपचूप वाचतो. चिपमध्ये भरताना हेडर काढून टाकावं लागतं, आणि मग तीच माहिती बोर्डवर तुम्हाला हातानं जोडावी लागते. मांडणीचा जोड चुकला तरी खेळ सुरू होतो, पण पडदा सरकायला लागला की चित्रं भलत्याच जागी दिसतात. ‘चाललं’ आणि ‘बरोबर चाललं’ यात एवढा फरक आहे.

आपली स्टॅटिस्टिक्सची सॉफ्टवेअरं अशीच हेडर वाचतात. तीस पानं टाकली की प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून ती उत्तर देतात. कुंडी एकच होती हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पी-व्हॅल्यू येते, टेबल छान दिसतं.

म्हणून प्रत्येकानं कॅसेट बनवावी असं नाही. पण सिनॉप्सिसमध्ये नमुन्यांचा आकडा लिहिण्याआधी उपचार नेमका कशाला दिला, ते एका ओळीत लिहा आणि तेच मोजा. आकडा लहान आला तर येऊ द्या. व्हायव्हात लहान आकड्याचं कारण सांगता येतं, लेबलवरच्या नवांचं सांगता येत नाही.