ताळेबंदातल्या तीन ओळी

अमेरिकेतली प्रत्येक ठेवविमाधारक बँक दर तिमाहीला नियामकांकडे ‘कॉल रिपोर्ट’ भरते. त्यातल्या ताळेबंदाच्या चौथ्या बाबीत तीन ओळी लागोपाठ येतात. विक्रीसाठी न काढलेली कर्जे व लीज. वजा, त्यांवरच्या संभाव्य तोट्याची तरतूद. आणि उरलेली निव्वळ रक्कम. अख्ख्या विवरणपत्रात मला सर्वांत वाचनीय वाटतात त्या याच.

पहिली ओळ मोजणीची. घरकर्ज, शेतीकर्ज, क्रेडिट कार्डांवरची उधारी, सगळे इथे. लीजही इथेच, कारण ट्रक बँकेच्या नावावर असला तरी हप्त्यांतून त्याची किंमत व्याजासह वसूल व्हायची असते. काही दिवस वापरून परत करायचा ट्रक मात्र या ओळीत येत नाही.

दुसरी ओळ मोजून मिळत नाही. इथे बँकेला आपल्याच कर्जदारांविषयीचे मत आकड्यात लिहावे लागते. पूर्वी तोटा झाल्याची चिन्हे दिसली की तरतूद होई. 2016 च्या लेखामानकाने कर्ज देतानाच पूर्ण मुदतीतला अपेक्षित तोटा धरायला लावला. बहुतेक मोठ्या बँकांनी ते जानेवारी 2020 पासून स्वीकारले आणि लगेच महासाथ आली. त्या वर्षीच्या पहिल्या दोन तिमाहींची विवरणे जरूर वाचावीत: प्रत्यक्ष बुडीत कर्जे फारशी वाढलेली नाहीत, तरतुदी मात्र झपाट्याने फुगल्या आहेत. 2021 मध्ये त्यांतला बराच भाग नफ्यात परत आला. भीती आणि दिलासा दोन्ही या एका ओळीत नोंदले गेले.

तिसऱ्या ओळीचे मर्म उदाहरणानेच उलगडते. कर्जे 100 कोटी डॉलर, तरतूद 2 कोटी, निव्वळ 98 कोटी. आता 50 लाखांचे एक कर्ज खरोखर बुडाले आणि बँकेने ते निर्लेखित केले. कर्जे 99.5 कोटी झाली, तरतूद 1.5 कोटी. निव्वळ? तेच 98 कोटी! कर्ज पुस्तकातून गेले त्या दिवशी या आकड्याला धक्काही लागत नाही. तो आधीच, तरतूद केली तेव्हा बसलेला असतो. म्हणून निव्वळ रकमेवर समाधान मानणारा वाचक नेमकी गोष्ट गमावतो. वजाबाकी उलगडून पाहावी, शेजारी थकबाकीचे परिशिष्ट ठेवावे, मग बँकेचे मत किती प्रामाणिक आहे ते कळू लागते.

आणखी एका बाबतीत ही ओळ गप्प राहते. 2021 मध्ये स्वस्त स्थिर व्याजाने दिलेले कर्ज 2022 मध्ये दर चढल्यावर बाजारात कमी मोलाचे झाले, तरी इथली किंमत हलत नाही.

आपल्याकडच्या बँकांच्या अहवालात परिशिष्ट 9 उघडले की कर्जे अशीच निव्वळ दिसतात. पण तिथे वजा झालेली असते ती मुख्यतः थकीत कर्जांवरची तरतूद. नियमित फेडल्या जाणाऱ्या कर्जांवरची तरतूद परिशिष्ट 5 मध्ये, इतर देण्यांत सापडते. दोन देशांतल्या बँकांचे निव्वळ आकडे शेजारी ठेवायचे असतील, तर आधी ती रक्कम तिथून उचलून इथे वजा करावी लागते.