यकृत एका फ्रेममध्ये काळं होत नाही

गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. 'जनजागृतीपर अ‍ॅनिमेशनची परिणामकारकता' हा विषय सिनॉप्सिससाठी घ्यावा का? हो-नाही सांगण्याआधी एका अ‍ॅनिमेशनचं परीक्षण करून दाखवतो. ते आमचंच आहे, त्यामुळे कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही.

एम.एस्सी.ला असताना आम्ही पाच जणांनी गटप्रकल्प म्हणून दारूच्या आरोग्यावरच्या परिणामांबद्दल साडेतीन मिनिटांची फिल्म केली. जळगावला एका खोलीत बसून, दोन लॅपटॉप आणि एका मोबाइलवर. व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवायचा, घामाघूम व्हायचं, असं ते काम. गुण छान मिळाले, कार्यक्रमात टाळ्याही मिळाल्या. मग धुळे जिल्ह्यातल्या एका गावात रासेयोच्या हिवाळी शिबिरात शाळेच्या भिंतीवर चादर बांधून ती दाखवली. फिल्म संपली आणि मागे बसलेल्या एका बाईंनी अहिराणीत विचारलं, "समजनं भाऊ, पन आते करानं काय?" समजलं, पण आता करायचं काय?

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सरांनी "डॉक्टरांना दाखवा" म्हणून वेळ निभावली आणि लाइट लावले. त्या फिल्मवर गुण देणाऱ्यांपैकी कोणीही विचारलं नव्हतं ते बाईंनी एका वाक्यात विचारलं. आता पीएच.डी. करताना ती फिल्म पुन्हा पाहिली, तेव्हा कळलं की त्या प्रश्नाचं उत्तर फिल्ममध्ये का नव्हतं. आम्ही जिथे जिथे सोपं केलं, तिथे तिथे ते कापलं गेलं होतं.

पहिली चूक: काळ

फिल्ममध्ये एक माणूस पेला तोंडाला लावतो, थेंब नळीतून खाली उतरावा तसा यकृतात जातो आणि पुढच्याच फ्रेममध्ये गुलाबी यकृत काळंठिक्कर पडतं. आम्हाला हा शॉट फार आवडला होता.

प्रत्यक्षात दारूचा मोठा भाग लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो आणि आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून यकृतात पोचतो. तिथे इथेनॉलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट. मधला पदार्थ विषारी आहे, पेशींच्या डीएनएला इजा करतो. वर्षानुवर्षं जास्त पिणाऱ्याच्या यकृतात आधी चरबी साठते, काहींना पुढे सूज येते, त्यातल्या काहींमध्ये व्रण साचत जाऊन सिरोसिस होतो. चरबी साठण्याचा टप्पा बहुतेकदा परत फिरतो. दारू थांबली तर काही आठवड्यांतच फरक पडू शकतो. सिरोसिसचे व्रण मात्र सहसा पूर्ण भरून येत नाहीत, तरी तेव्हाही थांबल्याने आयुष्य वाढू शकतं.

म्हणजे आमच्या एका कटमध्ये गेली ती काही वर्षं, आणि त्या वर्षांतच माणूस मागे फिरू शकत होता! पोस्टरला काळ दाखवता येत नाही, अ‍ॅनिमेशनला येतो. एवढं साधन हातात असून आम्ही पोस्टरच हलवलं. ज्याचं यकृत अजून सुधारू शकतं, अशा माणसाला आम्ही सांगितलं की झालं ते झालं.

दुसरी चूक: दोन अल्कोहोलची सरमिसळ

पुढच्या दृश्यात तोच माणूस आंधळा होतो. हे चित्र आम्ही बातम्यांतून उचललं होतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ते तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं. पण तिथे घात केला तो मिथेनॉलने. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या चेतातंतूवर हल्ला करतं. रोजच्या दारूतलं इथेनॉल वेगळ्या वाटेने जातं आणि वेगळं नुकसान करतं.

तुम्ही म्हणाल, शेवटी दोन्ही वाईटच ना? वाईट आहेत, पण या गल्लतीतून प्रेक्षक काय शिकतो ते बघा. आंधळेपण येतं हातभट्टीच्या भेसळीतून, म्हणजे सीलबंद बाटली सुरक्षित! फिल्म बघून एका काकांनी अगदी हेच सांगितलं, "आपण तर दुकानातलीच घेतो." आम्ही हसलो. हसायला नको होतं, कारण तो निष्कर्ष आम्हीच त्यांच्या हातात दिला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेला घटक ठरवलं. त्यात देशी, विदेशी, बिअर असा भेद नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन हे त्यातले कर्करोग. जोडीला तंबाखू असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका आणखी चढतो. आपल्याकडे ही जोडी किती घरांत दिसते ते मी सांगायला नको. साडेतीन मिनिटांत कर्करोगाला आम्ही एक सेकंदही दिला नव्हता.

तिसरी चूक: आकडा

कवटीच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत 'दरवर्षी ३० लाख मृत्यू'. कुठले? कुठल्या वर्षाचे? कोणी मोजले? काहीच नाही. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालातला, २०१६ या वर्षाचा आणि साऱ्या जगाचा. २०२४ च्या अहवालात २०१९ साठीचा अंदाज २६ लाख आहे. आकडा उतरला म्हणून दारू बरी झाली असा अर्थ काढू नका. पण वर्ष आणि प्रदेश नसलेला आकडा हा नुसता आवाज असतो, एवढं सिनॉप्सिस लिहिताना लक्षात ठेवा.

आकड्यांचाच आणखी एक घोळ. सुरुवातीला पार्टीचं दृश्य होतं आणि सगळ्यांच्या हातात ग्लास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्क्याने आपण पितो असं सांगितलं. स्वतःहून सांगितलेली माहिती आहे, खरा आकडा जास्त असू शकतो. तरी 'सगळेच पितात' हे चित्र खोटंच ठरतं. पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांबद्दल दाखवलं होतं की मुलं आपल्या सोबत्यांच्या पिण्याचा अंदाज फुगवून धरतात. दारूविरुद्धच्या फिल्ममध्ये आम्ही तोच फुगा आणखी फुगवला.

चौथी चूक, आणि हीच गंभीर: 'आजच सोडा'

शेवटची पाटी लाल रंगात: 'दारू आजच सोडा!' पाठीमागे बाटली फुटल्याचा आवाज. यात काय चुकलं, असं मलाही तेव्हा वाटलं असतं.

अधूनमधून पिणाऱ्याला हे सांगणं ठीक आहे. पण जो कित्येक वर्षं रोज भरपूर पितो, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, त्याच्या मेंदूने दारू गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतलेलं असतं. त्याची दारू एका रात्रीत बंद केली तर पहिल्या दिवसात थरकाप, घाम, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सोडवतात.

आता त्या बाईंचा प्रश्न पुन्हा ऐका. त्यांनी आमचं ऐकून घरी जाऊन बाटली फोडली असती, नवऱ्याला खोलीत कोंडलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला असता तर? बाहेरची बाधा समजून घरच्यांनी त्याला भगताकडे नेलं असतं तर? असं झालं की नाही ते मला माहीत नाही. आम्ही पुन्हा त्या गावात गेलोच नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

त्या पाटीच्या जागी काय हवं होतं? रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अचानक तोडू नका, हे एक वाक्य. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात जा, हे दुसरं. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि दोन फोन नंबर: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दहा सेकंदांचं काम. बाटली फुटायच्या आवाजावर आम्ही त्याहून जास्त वेळ घालवला होता.

भीती दाखवावी की नाही?

यावर भरपूर संशोधन आहे, वाचा. जॅनिस आणि फेशबॅक यांनी १९५३ मध्ये दातांच्या निगेवर प्रयोग केला. सर्वात भयानक व्याख्यान ऐकणारी मुलं सर्वात जास्त घाबरली, पण सल्ला सर्वात कमी त्यांनीच पाळला. मग भीती निरुपयोगी का? इतकं सोपं नाही. विट आणि अ‍ॅलन यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. भीतीसोबत 'हे मला करता येईल आणि त्याने फरक पडेल' असा विश्वास मिळाला तर ती कामाला येते. तो नसेल तर माणूस धोक्यापासून पळायच्या ऐवजी संदेशापासून पळतो. "आपण तर दुकानातलीच घेतो" हे तसं पळणंच होतं. आणि "आते करानं काय?" हा पळायला नकार होता.

आपल्याकडे हे जुन्या रंगभूमीलाही ठाऊक होतं. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर एका प्रवेशात कोसळत नाही. अपमान, पहिला प्याला, सोडण्याचा निश्चय, पुन्हा घसरण, असे टप्पे आहेत. घसरण हा आजाराचाच भाग असतो, हे आज डॉक्टरही सांगतात. उलट तळीरामाच्या मंडळींवर प्रेक्षक खळखळून हसतात आणि दारूचे प्रवेशच जास्त रंगतात, हा त्या नाटकाचा धोकाही आहे. आमच्या फिल्ममध्ये टप्पे नव्हते, धोका तेवढा होता. झिंगलेल्या माणसाच्या चालीवर पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि आम्ही ते 'प्रतिसाद उत्तम' असं अहवालात लिहिलं.

भाषेचंही तसंच. व्हॉइसओव्हर छापील मराठीत: 'यकृताची कार्यक्षमता क्षीण होते'. धुळ्याकडे अहिराणी, जळगावच्या पूर्वेला लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, भिल्ली. बहिणाबाईंचं नाव असलेल्या विद्यापीठातले आम्ही विद्यार्थी, पण बोलीत एक वाक्य बोलायचं सुचलं नाही. बाईंनी प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला, म्हणजे त्यांनी आमचं भाषांतर करून घेतलं. कष्ट कोणी घेतले?

मग विषय घ्यावा का?

घ्या. पण आमची 'परिणामकारकता' कशी मोजली होती ते ऐकून घ्या. आधी दहा प्रश्न, मग फिल्म, मग लगेच तेच दहा प्रश्न. गुण वाढले, निष्कर्ष: फिल्म परिणामकारक. तुलनेसाठी दुसरा गट नाही. महिन्याभराने पुन्हा विचारलं नाही. आणि माहिती वाढणं म्हणजे वागणं बदलणं नव्हे. अमेरिकेत १९९८ ते २००४ या काळात तरुणांसाठी राष्ट्रीय पातळीवर अमली पदार्थविरोधी जाहिरात मोहीम चालली. हॉर्निक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिचं मूल्यमापन छापलं, तर अपेक्षित परिणाम दिसलाच नाही, काही बाबतींत उलटा दिसला. एवढ्या मोठ्या मोहिमेचं हे, मग आमच्या दहा प्रश्नांची काय कथा!

म्हणून स्टोरीबोर्ड हाच तुमचा पहिला संशोधन आराखडा समजा. प्रत्येक फ्रेम हे एक विधान आहे. तिच्याखाली चार ओळी लिहा: हे खरं आहे हे कशावरून? हे कोणासाठी, पिणाऱ्यासाठी, न पिणाऱ्या पोरासाठी की त्याच्या घरच्यांसाठी? यातून तो चुकीचं काय शिकू शकतो? आणि बघून झाल्यावर तो काय करणार? चौथी ओळ कोरी राहिली तर ती फ्रेम अजून तयार नाही. एका डॉक्टरला दाखवा, आणि ज्यांच्यासाठी करताय त्यातल्या दोघा-चौघांना कच्च्या चित्रांवरच दाखवा. रंग भरल्यावर कोणालाच बदल करवत नाही, हा अनुभव आहे.

आमच्या फिल्मची फाइल अजून माझ्याकडे आहे. शेवटची पाटी काढून तिथे ते दोन नंबर आणि ती दोन वाक्यं टाकली आहेत, अहिराणीत. बाकीची फिल्म अजून चुकीचीच आहे, यकृताच्या शॉटपासून सुरुवात करतोय. तुमच्यापैकी कोणाचा आवाज चांगला असेल आणि घरी अहिराणी किंवा पावरी बोलत असाल, तर कळवा. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल.